कोंबडीची ऊब आणि माणसाची युक्ति

कोंकणांत काय आणि देशावर काय, खेड्यांतील बायकांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. कोंबडी अंडीं घालावयाची थांबली, पिसें फुलवून एकाच जागीं बसूं लागली आणि जवळ हात नेतांच चोच मारूं लागली, म्हणजे ती खुडूक झाली असें त्या ओळखतात. मग एका पाटींत पेंढा किंवा भुसा पसरून त्यावर दहा-बारा निवडक अंडीं मांडतात आणि तिन्हीसांजेला तिला अंधाऱ्या कोपऱ्यांत त्यांवर बसवितात. पुढें एकवीस दिवस घरांतील माणसांना फारसें कांहीं करावें लागत नाहीं. एकविसाव्या दिवशीं पाटींतून चिवचिव ऐकूं येते. हा व्यवहार इतका नित्याचा आहे कीं, त्यांत कांहीं नवल आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु हेंच एकवीस दिवसांचें काम कोंबडीवांचून करून दाखविण्यासाठीं मनुष्यानें दोन हजार वर्षांहून अधिक काळ खटपट केली. ही खटपट कशी झाली, तिचें गुपित कोणाच्या हातीं राहिलें आणि तें उघडें झाल्यावर कोणाचा लाभ व कोणाची हानि झाली, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

कोंबडी अंड्यांवर बसते म्हणजे नुसती बसते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती एकाच वेळीं चार कामें करीत असते. पहिलें काम उष्णता देण्याचें. खुडूक कोंबडीच्या पोटाखालचीं पिसें विरळ होतात आणि तेथील उघडी उष्ण कातडी सरळ अंड्यांना टेकते. पिलाच्या वाढीला सुमारें ३७·५ अंश सेंटिग्रेड इतकी ऊब लागते. ती दोन अंशांनीं वाढून तशीच राहिली तर पिलूं आंतच दगावण्याचा संभव असतो. तितकीच कमी राहिली तर तें उशिरां व अशक्त निघतें. दुसरें काम ओलावा राखण्याचें. अंड्याच्या कवचाला हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून पाण्याचा अंश हळूहळू उडून जातो आणि पिलूं निघण्याच्या सुमारास अंड्याचें वजन जवळजवळ आठव्या हिश्श्यानें घटलेलें असतें. ही घट व्हावयासच पाहिजे. तिच्यामुळेंच अंड्याच्या रुंद टोंकाशीं असलेली हवेची पोकळी मोठी होते आणि पिलूं आपला पहिला श्वास त्या पोकळींत घेतें. हवा फार दमट राहिली तर पोकळी लहान राहते. फार कोरडी राहिली तर आंतील पापुद्रा चामड्यासारखा सुकून पिलाला आवळून टाकतो.

तिसरें काम अंडीं फिरविण्याचें. कोंबडी दिवसांतून अनेकवार चोचीनें अंडीं उलटविते आणि कडेचीं मध्यें व मधलीं कडेला नेते. असें न झाल्यास कोंवळा गर्भ कवचाच्या आंतील पापुद्र्याला चिकटून बसतो आणि त्याची वाढ खुंटते. चौथें काम मोकळ्या हवेचें. अंड्यांतील जीव कवचांतून श्वास घेतच असतो आणि जसजसा तो वाढतो तसतशी त्याला अधिक हवा लागते. पाटींतल्या अंड्यांना ती सहज मिळते. बंद पेटींत ती मुद्दाम द्यावी लागते. हीं चार कामें लक्षांत ठेवलीं म्हणजे पुढील सारा इतिहास उलगडतो. कारण ज्यांनीं केवळ पहिलें काम ओळखलें ते फसले, आणि ज्यांनीं चारहि संभाळलीं ते यशस्वी झाले.

पाश्चात्य ग्रंथांत या विषयाचा फार जुना उल्लेख ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या प्राणिविषयक ग्रंथांत सांपडतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत त्यानें लिहून ठेवलें कीं, इजिप्त देशांत अंडीं शेणखताच्या ढिगांत पुरून उबवितात. सिराक्यूज नगरांतील एका मद्यप्याची गोष्टहि तो सांगतो. त्या गृहस्थानें म्हणे अंडीं आपल्या बैठकीच्या चटईखालीं ठेवलीं आणि पिलें निघेपर्यंत आपलें मद्यपान अखंड चालू ठेवलें! परंतु ॲरिस्टॉटलचें खरें महत्त्व या गोष्टींत नाहीं. कोंबडीखालचीं अंडीं निरनिराळ्या दिवशीं फोडून आंतील वाढ कशी होत जाते हें त्यानें पाहिलें. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्यांत रक्ताच्या ठिपक्यासारखें हृदय दिसूं लागतें आणि तें हलत असतें, हें त्यानें नमूद केलें आहे. त्याच मार्गानें पुढें विल्यम हार्वे यानें १६५१ सालीं आपला प्राण्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मार्चेल्लो माल्पीगी यानें सूक्ष्मदर्शक यंत्रांतून गर्भाच्या पहिल्या तासांचीं चित्रें काढलीं. गर्भविद्येचा पाया असा कोंबडीच्या पाटींत घातला गेला.

रोमन ग्रंथकार प्लिनी यानें एक राजघराण्यांतील कथा दिली आहे. ऑगस्टस बादशहाची पुढें पत्नी झालेली लिव्हिया ही तायबेरियसच्या वेळीं गरोदर होती. हा तायबेरियस ख्रिस्तपूर्व ४२ सालीं जन्मला. आपल्याला मुलगा होईल कीं मुलगी, याचा कौल घेण्यासाठीं तिनें एक अंडें आपल्या उराशीं धरून उबविलें. मध्यें तें खालीं ठेवण्याची वेळ आली तर ती तें दाईच्या उराशीं देई, म्हणजे ऊब तुटत नसे. त्यांतून नर पिलूं निघालें आणि तिला पुत्र झाला. कथेंतील शकुनाचा भाग सोडून दिला तरी ऊब क्षणभरहि तुटूं द्यावयाची नाहीं, ही जाणीव त्या काळच्या बायकांना होती, एवढें तिजवरून खास दिसतें. मात्र एका स्त्रीच्या उराशीं एकच अंडें, या हिशेबानें कोणाचें खुराडें भरावयाचें नाहीं.

खुराडीं भरण्याची विद्या इजिप्तमध्येंच सिद्ध झाली. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत डायोडोरस या इतिहासकारानें लिहिलें कीं, तेथील कोंबड्या व हंस पाळणारे लोक पक्ष्यांवर अवलंबून न राहतां आपल्या हातांच्या कौशल्यानें असंख्य पिलें काढतात. पुढें इसवी सन १२०० च्या सुमारास बगदादचा वैद्य अब्द-अल्-लतीफ इजिप्तमध्यें राहिला होता. त्यानें तेथील अंडीं उबविण्याच्या भट्ट्यांचें सविस्तर वर्णन केलें. त्यानंतर आलेल्या युरोपीय यात्रेकरूंना पिरॅमिडइतकेंच या भट्ट्यांचें आश्चर्य वाटे.

ही भट्टी म्हणजे विटांची एक ठेंगणी, जाड भिंतींची इमारत असे. मधोमध एक अरुंद बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्यांच्या ओळी. प्रत्येक खोली दुमजली. खालच्या मजल्यावर चटई किंवा पेंढा पसरून त्यावर हजारों अंडीं मांडीत. वरच्या मजल्याच्या जमिनीला मध्यें एक भोंक असे आणि त्याच्या भोंवतीं पन्हाळीसारखी खांच. या खांचेंत शेणाच्या गोवऱ्या व पेंढ्याचा चुरा यांचा विस्तव धुमसत ठेवीत. ज्वाळा नको, नुसती आंच पाहिजे, म्हणून हेंच इंधन. वरील घुमटाला धूर जाण्यासाठीं छिद्र असे. तें उघडून किंवा बुजवून आंतील ऊब कमीजास्त करीत. भट्टीवाला आंतच वावरत असे. तो अंडीं दिवसांतून अनेकदां हातांनीं फिरवी, थंड जागेचीं उष्ण जागीं आणि उष्ण जागेचीं थंड जागीं नेई. म्हणजे कोंबडी जें चोचीनें करते तें तो हातांनीं करीत असे.

आठ-दहा दिवसांनंतर विस्तव हळूहळू बंद करीत आणि कांहीं अंडीं वरच्या मजल्यावर पसरीत. हें ऐकून श्रोत्यांच्या मनांत शंका येईल कीं, काम अर्धें झालें नाहीं तोंच विस्तव कसा विझवितां येईल? त्याचें कारण असें कीं, अर्धे दिवस लोटल्यावर अंड्यांतील जीव स्वतःच उष्णता निर्माण करूं लागतो. हजारों अंडीं एकत्र असलीं आणि भिंती जाड असल्या म्हणजे तीं एकमेकांना ऊब देतात. चीन देशांतील बदकांचीं अंडीं उबविणारे लोकहि हें जाणत. नवीं अंडीं तापविलेल्या धान्याच्या किंवा तुसांच्या ऊबेंत ठेवून, पुढें जुन्या अंड्यांच्याच ऊबेवर ते नव्यांना पोसत. शास्त्राला हें तत्त्व समजण्याच्या कितीतरी आधीं तें या कारागिरांच्या हातांत होतें.

आणि या सर्वांत उष्णतामापक नव्हता! भट्टीवाला अंडें उचलून आपल्या मिटलेल्या पापणीला लावी. पापणीची कातडी फार नाजूक. तिला जें सुखकर वाटे तें अंड्यालाहि मानवे. जें बोटांना कळत नाहीं तें पापणीला कळतें, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें, तें बापानें मुलाच्या पापणीला शिकविलेलें होतें.

येथेंच या कथेंतील गुपिताचा भाग येतो. अठराव्या शतकांत युरोपांत पोहोंचलेल्या माहितीप्रमाणें ही विद्या नाईल नदीच्या मुखाकडील बेर्मे नांवाच्या गांवच्या लोकांच्याच हातीं होती. ते ती आपल्या मुलांना शिकवीत आणि परक्यापासून लपवून ठेवीत. हंगाम आला कीं तेथील अधिकाऱ्याचा परवाना घेऊन ते देशभर पांगत आणि ठिकठिकाणच्या भट्ट्या चालवीत. करारहि ठरलेला असे. भट्टीच्या मालकानें ४५,००० अंडीं स्वाधीन केलीं तर भट्टीवाल्यानें ३०,००० पिलें परत द्यावयाचीं. त्याहून अधिक निघालीं तर तो त्याचा नफा. तीन अंड्यांमागें दोन पिलांची हमी कोणताहि कारागीर आपल्या कसबावर विश्वास असल्याखेरीज देत नाहीं. त्या काळीं देशांत अशा ३८६ भट्ट्या असून, सहा महिन्यांत प्रत्येकींतून आठ वेळां पिलें निघतात, असें सांगण्यांत येई. या आंकड्यांचा गुणाकार ९ कोटि २६ लक्ष ४० हजार होतो. हिशेबांत थोडीबहुत अतिशयोक्ति धरली तरी, हा उद्योग फार मोठा होता हें उघड आहे.

साहजिकच युरोपांतील धनिकांना ही विद्या आपल्याकडे यावी असें वाटूं लागलें. सतराव्या शतकांत टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनें इजिप्तमधून एक जाणता माणूस फ्लॉरेन्सला आणविला आणि त्यानें तेथें पिलें काढून दाखविलीं. परंतु कारागीर आणला म्हणजे कला रुजली असें होत नाहीं. त्याच शतकाच्या आरंभीं इंग्लंडमध्यें राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कल्पकानें, पारा व मद्यार्क यांच्या फुगण्या-आटण्यानें शेगडीचें झांकण आपोआप उघडमीट करील अशी युक्ति योजून अंडीं उबविण्याची पेटी तयार केली. आपलें आपण नियमन करणाऱ्या यंत्राच्या आरंभींच्या उदाहरणांत तिची गणना होते. परंतु तीहि घरोघर गेली नाहीं.

हें गुपित जनतेपुढें उघडें करण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्समधील रेने अंत्वान रेओमूर (१६८३–१७५७) यानें केला. कीटकांच्या अभ्यासाबद्दल तो प्रसिद्ध होता आणि १७३० च्या सुमारास त्यानें स्वतःच्या नांवाचा उष्णतामापकहि प्रचारांत आणला होता. त्यांत बर्फ वितळण्याच्या ठिकाणीं शून्य व पाणी उकळण्याच्या ठिकाणीं ८० अंश असत. त्यानें हा मापक खुडूक कोंबडीच्या अंगाला लावला आणि तिची ऊब त्या मापानें ३२ अंश भरते, म्हणजे आजच्या सेंटिग्रेड मापानें ४० अंश, असें ठरविलें. बेर्मेच्या लोकांनीं शतकानुशतकें लपविलेली गोष्ट एका आंकड्यांत मावली. जी गोष्ट आंकड्यांत मावते ती गुपित राहूं शकत नाहीं. ती छापतां येते, पाठवितां येते व परक्यालाहि शिकवितां येते. रेओमूरनें ती १७४९ सालीं दोन भागांच्या ग्रंथांत छापली आणि दुसऱ्याच वर्षीं त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर निघालें.

त्याचा उद्देश राजेरजवाड्यांची करमणूक हा नव्हता. फ्रान्समध्यें सरपण महाग. इजिप्तसारखी भट्टी शेतकऱ्याला परवडणार नाहीं. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याच्या दाराशीं फुकट मिळणारी उष्णता त्यानें शोधली. ती म्हणजे घोड्यांच्या लिदीचा कुजणारा ढीग. लांकडी पिंप त्या ढिगांत पुरून त्यानें आंत अंड्यांच्या टोपल्या टांगल्या. आरंभीं पदरीं निराशा आली. ऊब अगदीं बरोबर असूनहि पिलें अंड्यांतच मरूं लागलीं. शोध करतां करतां त्याला आढळलें कीं, कुजणाऱ्या खताची ओली वाफ पिंपांत शिरते आणि कवचाच्या छिद्रांतून गर्भाला बाधते. तेव्हां त्यानें पिंपाला आंतून गिलावा केला, तोंडावरील झांकणाला हवेसाठीं भोंकें ठेवलीं, आणि मग पिलें निघूं लागलीं. उष्णतेच्या जोडीला ओलावा व हवा हींहि संभाळलीं पाहिजेत, हा धडा युरोपला असा अपयशांतून मिळाला. पॅरिसमधील एका मठांत भाकऱ्यांच्या भट्टीवर असलेल्या खोलीची वायां जाणारी ऊबहि त्यानें या कामीं लाविली आणि तेथील एका जोगिणीनें तें काम चिकाटीनें केलें.

रेओमूरची दृष्टि घरगुती होती, हें त्याच्या आणखी दोन युक्त्यांवरून दिसतें. उष्णतामापक विकत घेणें गरीब बाईला शक्य नव्हतें. तिच्यासाठीं त्यानें सुचविलें कीं, लोणी आणि त्याच्या निम्मी चरबी एकत्र वितळवून एका लहान कुपींत भरावी व ती कुपी अंड्यांजवळ ठेवावी. कुपी कलती करतांच मिश्रण दाट पाकासारखें वाहूं लागलें तर ऊब बरोबर. घट्ट राहिलें तर ऊब कमी. तेलासारखें पातळ झालें तर ऊब जास्त. दोन पैशांचा हा मापक प्रत्येक स्वयंपाकघरांत तयार होऊं शकत होता. दुसरी युक्ति पिलांच्या संगोपनाची. आईवांचून निघालेल्या पिलांसाठीं त्यानें उतरत्या छपराची एक पेटी केली आणि तिला आंतून मेंढीचें लोंकरीसह कातडें लाविलें. पिलें त्या लोंकरीखालीं शिरत आणि पंखांखालीं असल्याप्रमाणें स्वस्थ राहत. तिला त्यानें कृत्रिम आई असेंच नांव दिलें.

इतकें असूनहि फ्रान्सच्या शेतकऱ्यांनीं ही रीत उचलली नाहीं. याचें कारण शोधण्यासारखें आहे. इजिप्तमध्यें एका भट्टीला हजारों घरांचीं अंडीं येत आणि एक जाणता माणूस दिवसरात्र तेंच काम करी. फ्रान्समधील शेतकरणीला गाई, चूल, मुलें आणि शेत संभाळून पिंपाकडे पाहावयाचें होतें. खताचा ढीग कधीं तापे, कधीं निवे. पावसाची एक सर आली कीं ऊब उतरे. एक रात्र दुर्लक्ष झालें कीं वीस दिवसांचें काम मातींत जाई. रेओमूरनें ज्ञान मोकळें केलें होतें, परंतु रात्रंदिवस लक्ष ठेवण्याचा भार त्याला कमी करतां आला नव्हता. आणि तोच भार कोंबडी मूठभर दाण्यांवर उचलीत होती. जोंवर यंत्र स्वतः जागें राहत नाहीं तोंवर तें कोंबडीपेक्षां महागच पडणार, हें उघड होतें.

त्यानंतरचा इतिहास हा यंत्राला जागें ठेवण्याचा इतिहास आहे. १७७७ सालीं पॅरिसमध्यें बोनमेन यानें नळ्यांतून ऊन पाणी खेळवून आणि धातूच्या प्रसरणानें शेगडीची हवा आपोआप कमीजास्त करून पिलें काढलीं व तीं बाजारांत पुरविलीं. राज्यक्रांतीच्या धामधुमींत तो उद्योग बुडाला. १८८१ सालीं इंग्लंडमध्यें चार्ल्स हिअर्सन यानें पितळी पत्र्याची एक चपटी डबी योजिली. तींत ईथरसारखें लवकर उकळणारें द्रव्य भरलेलें असे. पेटींतील ऊब ठराविक अंशापलीकडे गेली कीं डबी फुगे आणि एका काडीच्या योगानें दिव्यावरील झांकण उचले. ऊब उतरली कीं डबी बसे आणि झांकणहि खालीं येई. घासलेटच्या दिव्यावर चालणारी ही पेटी मध्यम स्थितींतल्या माणसाच्या घरांत ठेवतां येण्याजोगी होती. त्याच सुमारास अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील पेटालुमा गांवीं लायमन बाइस यानें अशाच पेट्यांचा कारखाना घातला आणि तें गांव कोंबड्या व अंडीं यांसाठीं साऱ्या देशांत प्रसिद्ध झालें.

आतां अंडीं एका गांवीं उबवून पिलें दुसऱ्या गांवीं पाठवितां येऊं लागलीं. निसर्गानेंच तशी सोय करून ठेवली आहे. अंड्यांतून बाहेर पडण्यापूर्वीं पिलूं उरलेला पिवळा बलक आपल्या पोटांत ओढून घेतें आणि त्या शिदोरीवर तें दोन-तीन दिवस दाणापाण्यावांचून काढूं शकतें. खुडूक कोंबडीखालीं सर्वच पिलें एका घटकेला निघत नाहींत. शेवटचें निघेपर्यंत पहिल्यानें उपाशी राहावें, यासाठीं ही योजना असते. माणसानें तिचा उपयोग टपालासाठीं केला. १९१८ पासून अमेरिकेच्या टपालखात्यानें एक दिवसाचीं पिलें पार्सलानें नेण्यास मान्यता दिली. पुढें पंख्यानें हवा खेळविणारीं मोठीं यंत्रें आलीं, वीज आली, अंडीं आपोआप कलतीं होऊं लागलीं. कोंबडीचीं चारहि कामें यंत्राच्या अंगवळणीं पडलीं आणि एका वेळीं हजारों अंडीं एका खोलींत उबूं लागलीं.

हा विजय खराच होता आणि त्याचें फळ गरिबांनाहि मिळालें. पूर्वीं सणासुदीला किंवा आजाऱ्याला मिळणारें अंडें रोजच्या आहारांत आलें. महाराष्ट्रांतहि हा उद्योग वाढला. १९७१ सालीं स्थापन झालेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचें मुख्य ठाणें पुण्यांत आहे. परंतु जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूहि मांडल्याखेरीज इतिहासाचा हिशेब पुरा होत नाहीं.

पहिला खर्च असा कीं, जेथें माणसानें उबविण्याचें काम घेतलें तेथें कोंबडी तें विसरली. खुडूक कोंबडी अंडीं घालीत नाहीं; व्यापाऱ्याच्या दृष्टीनें ते दिवस वायां जातात. म्हणून जी कोंबडी खुडूक होत नाहीं तिचींच अंडीं पिढ्यान् पिढ्या उबविण्यासाठीं निवडलीं गेलीं. लेगहॉर्नसारख्या अंड्यांसाठीं वाढविलेल्या जातींत आतां खुडूकपणा जवळजवळ उरलेला नाहीं. इजिप्तमधील फायूमी जातीची कोंबडीहि क्वचितच अंड्यांवर बसते. भट्ट्यांच्या देशांतील कोंबडीचा हा स्वभाव विचार करावयास लावणारा आहे. दुसरा खर्च अधिक कठोर आहे. अंडीं देणाऱ्या जातींतील नर पिलें व्यापाऱ्याला निरुपयोगी. मासुई व हाशिमोटो या जपानी संशोधकांनीं १९२० नंतरच्या दशकांत एक दिवसाच्या पिलांतील नर-मादी ओळखण्याची रीत बसविली. तेव्हांपासून नर पिलें निवडून जन्मदिवशींच मारण्याचा प्रघात जगभर पडला. जर्मनीनें २०२२ च्या आरंभापासून आणि फ्रान्सनेंहि त्याच वर्षांत अंड्यांच्या उद्योगांतील या प्रघाताला कायद्यानें बंदी घातली. आतां तेथें अंडें फुटण्यापूर्वींच आंतील नर-मादी ओळखण्याचीं साधनें वापरूं लागले आहेत. ज्या प्रश्नाचा कौल लिव्हियानें उराशीं अंडें धरून घेतला, तोच प्रश्न यंत्राला विचारण्याची पाळी आली आहे. मात्र तेथें कौल होता, येथें त्या जीवाचा निकाल आहे.

तिसरा खर्च खेड्यांतील बाईचा आहे आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. तिच्या दारांतील गांवठी कोंबडी अंडीं थोडीं देते, परंतु वर्षांतून दोन-तीन वेळां खुडूक होऊन आपली वीण आपण वाढविते. त्या कोंबडीला विजेची गरज नाहीं, दुकानाची नाहीं, उधारीचीहि नाहीं. तिच्या जागीं पुष्कळ अंडीं देणारी संकरित कोंबडी आली म्हणजे हातांत पैसा अधिक येतो हें खरें. परंतु ती म्हातारी झाली कीं पुन्हां पिलें विकत आणावीं लागतात. बेर्मेच्या गांवकऱ्यांनीं विद्या लपविली होती, तरी शेतकऱ्याच्या दारांतील कोंबडी त्यांनीं नेली नव्हती. आज विद्या छापील पुस्तकांत सर्वांना खुली आहे, परंतु उबविण्याची शक्तिच दारांतून गेली तर त्या खुल्या विद्येचा त्या घराला उपयोग काय?

यावर उपाय मागें जाण्याचा नाहीं. ज्या घरीं वीज आहे तेथें पन्नास-शंभर अंड्यांची लहान पेटी ठेवून पिलें काढतां येतात आणि पुष्कळ लोक तीं काढीतहि आहेत. त्यांनीं कोंबडीचीं चार कामें विसरूं नयेत. पंख्याच्या पेटींत ऊब ३७·५ अंशांवर स्थिर असावी. पेटींत पाण्याचें पसरट भांडें ठेवावें आणि शेवटच्या तीन दिवसांत ओलावा वाढवावा. अठराव्या दिवसापर्यंत अंडीं दिवसांतून निदान तीन वेळां फिरवावीं. पुढें फिरवूं नयेत, कारण तेव्हां पिलूं पोकळीकडे तोंड करून बाहेर पडण्याच्या तयारीस लागलेलें असतें. हवेचीं भोंकें बुजवूं नयेत. सातव्या दिवशीं काळोखांत अंडें दिव्यासमोर धरावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव धरला आहे असें समजावें, अंडें स्वच्छ दिसलें तर तें वांझ म्हणून काढून टाकावें. आणि कवचाला भोंक पाडून पिलूं तासन् तास थांबलें तरी उतावीळपणें तें सोलून काढूं नये. तेवढ्या वेळांत तें रक्त व बलक आपल्या अंगांत ओढून घेत असतें.

परंतु पेटी आली तरी दोन-चार गांवठी कोंबड्या दारांत राहूं द्याव्या. इजिप्तच्या कारागिराची पापणी, ड्रेबेलचा पारा, रेओमूरचें लोणी आणि हिअर्सनची डबी हे सर्व त्या पाटींतल्या पक्ष्याचेच शिष्य होत. मध्यरात्रीं वीज गेली म्हणजे यंत्राची ऊब तासाभरांत उतरूं लागते; पाटींतली कोंबडी मात्र त्या वेळीं पिसें आणखी फुलवून अंड्यांना अधिकच पोटाशीं घेते.